ब्रेकर दुपारी, मिक्सर रात्री

‘विषय : राष्ट्रीय महामार्गालगत रात्रीच्या वेळी बांधकाम करण्यास परवानगी मिळणेबाबत.’

आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर या विषयाची एक फाईल आहे. कुणी, कधी टाईप केली देव जाणे. कामाचं नाव, किलोमीटरचा आकडा आणि तारीख बदलायची, प्रिंट काढायची, शिक्का मारायचा आणि आवक-जावकला देऊन पोच घ्यायची. मी एका सब-कॉन्ट्रॅक्टरकडं साईट इंजिनिअर आहे, पण ‘मॅडमचं मराठी चांगलंय’ म्हणून पत्रव्यवहारही माझ्याच गळ्यात पडलाय.

या वेळचं काम सोलापुरात हैदराबाद रोडवर, मार्केट यार्डाच्या अंगाला. महामार्गाखालची जुनी मोरी फोडून तिथं नवीन बॉक्स कल्व्हर्ट, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी, करायचा. रस्ता पूर्ण बंद करता येत नाही, म्हणून अर्धी रुंदी आधी, उरलेली नंतर. जुना स्लॅब पोकलेनला ब्रेकर, म्हणजे यंत्राचा हातोडा, लावून फोडायचा, मलबा डंपरनं हलवायचा, सळई बांधायची, शटरिंग करायचं आणि काँक्रीट ओतायचं. एका बाजूला यार्डाची गोदामं आणि ट्रकांची रांग, दुसऱ्या बाजूला सर्व्हिस रोड ओलांडला की लगेच घरं. महिना एप्रिल.

आमच्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं : सगळंच रात्री उरकू. ट्रॅफिक कमी, ऊन नाही, लेबर खूश. वाहतूक शाखेकडूनही तोंडी तेच सांगितलं गेलं होतं, की लेन हवी असेल तर रात्री अकरानंतर मागा. मग मी ध्वनिप्रदूषणाचे नियम काढून बसले. 2000 सालचे आहेत, 2010 मध्ये त्यात भर पडली. त्यात रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. आणि 2010 च्या भरीतलं एक वाक्य असं आहे, की निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्रीच्या वेळी आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायची नाहीत. पुढं ‘परंतु’ नाही, ‘अपवाद’ नाही. लाऊडस्पीकरला सणासुदीला ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देण्याची सोय त्याच नियमांत आहे. ब्रेकरला तसली काही नाही.

म्हणजे वाहतूकवाले म्हणतात अकरानंतर या, आणि नियम म्हणतो दहाला थांबा. साच्यातल्या अर्जात या दोन्हीचा मेळ कसा घालतात? घालतच नाहीत. ‘रात्री 11 ते सकाळी 6’ असं लिहून मोकळे होतात, परवानगी मिळते किंवा मिळत नाही, आणि ब्रेकर चालतोच. लोक 112 ला फोन करतात, बीट मार्शल येतात, ब्रेकर तासभर थांबतो, मार्शल जातात, ब्रेकर सुरू. ही पद्धत मी बऱ्याच साईटवर पाहिलीय आणि मला ती आवडत नाही. रात्री शिव्या खायला साहेब नसतात, मी असते.

तर मी वस्तीत फिरायचं ठरवलं. आमचा मुकादम बरोबर होता. तो म्हणाला, “विचारायला गेलं की नाहीच म्हणत्यात मॅडम. न विचारता केलं की दोन दिवस बोंबलत्यात आन् गप बसत्यात.” त्याच्या अनुभवात तथ्य आहे, नाही असं नाही.

पण वस्तीत गेल्यावर ‘नाही’ असं फारसं कुणी म्हणालंच नाही. पहिल्या घरात उंबऱ्यात बसून एक मावशी विड्या वळत होत्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी हात न थांबवता विचारलं, “पाण्याच्या दिवशी करणार का बिनपाण्याच्या?”

सोलापूरकरांना हे उलगडून सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी सांगते : उजनी धरण भरलेलं असलं तरी आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि येतं तेही बऱ्याच भागांत अवेळी. ज्या रात्री पाणी असतं त्या रात्री गल्ली जागीच असते. मोटारी घुंई करत असतात, बॅरल, घागरी, पाईप, ‘तुमचं झालं का’ अशा हाका. मावशींचं म्हणणं इतकंच, की आमची झोप तशीही त्या रात्री मोडलेलीच असते, तुमचा काय तो दंगा त्याच रात्री करा. पाणी नसेल त्या रात्री मात्र झोपू द्या. पुढच्या घरांतही थोड्याफार फरकानं हेच ऐकलं. अर्जात ‘कामाचा कालावधी’ असा रकाना असतो. त्यात तारखा भरताना नळाचं वेळापत्रक समोर घेऊन बसावं हे मला शिकवलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

दुसरी गोष्ट गच्चीची. आवाजाची गणितं करताना भिंत, बंद खिडकी यानं आवाज इतका कमी होतो असं धरतात. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढं गेला की इथं कोण खिडकी बंद करून झोपतंय? दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत घरात भट्टी पेटवून ठेवतो, म्हणून माणसं वर, गच्चीवर गाद्या टाकून. म्हणजे ब्रेकर आणि कान यांच्यामध्ये फक्त हवा. त्यात भर अशी, की रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते तेव्हा आवाज वर निसटून न जाता खाली वाकतो आणि लांबपर्यंत ऐकू येतो. दिवसा जो आवाज गल्लीच्या तोंडाशी विरतो तो रात्री शेवटच्या घरापर्यंत पोचतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबल कमी होतात एवढा हिशोब मला पाठ आहे. रात्री त्यावरही फार विसंबू नये.

नियमातली निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. व्यापारी भागाची 65 आणि 55. काम सुरू व्हायच्या आधी, नुसता हायवे वाहत असताना, मी मीटर घेऊन रात्री सर्व्हिस रोडला उभी राहिले, तर आकडा साठीच्या खाली उतरायलाच तयार नव्हता. शिवाय हे आकडे सरासरीचे. ब्रेकर दोन मिनिटं चालतो, थांबतो, ऑपरेटर बूम सरकवतो, परत चालतो. सरासरी काढली तर कागदावर बरी दिसते, पण झोपलेला माणूस सरासरीनं जागा होत नाही, ब्रेकर परत सुरू झाला की होतो. याच गल्लीत आयुष्यभर यंत्रमागाच्या खटखटीत झोपलेले आजोबा भेटले. ते म्हणाले, “मागाचं काय नाही ओ, ते एकसुरी चालतंय. तुमचं ते गाडी मागं घेताना पीं पीं करतंय की नाही, त्येनं डोकं उठतंय.” तेलुगू वळणाचं मराठी, पण मुद्दा ध्वनिशास्त्राच्या कुठल्याही प्राध्यापकाला मान्य होईल असा.

त्यांचा मुलगा रात्रपाळीला मागावर जातो. तो दुपारी झोपतो. त्याला रात्रीच्या कामाची काडीची अडचण नव्हती, अडचण दिवसाच्या कामाची होती. सगळ्यांना खूश करता येणार नाही हे तिथंच कळून चुकलं.

मग कुणाला किती त्रास द्यायचा हे ठरवायला मी कामाचे तुकडे पाडले, आवाजाप्रमाणं. फोडायचं काम सगळ्यात कर्कश. सळई आणि शटरिंगला ठोकठाक असते, पण ती ओंजळीएवढी. काँक्रीटला मिक्सरची घरघर आणि ओतलेला माल हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरचा गुंऽऽ. यातलं रात्रीच करायला हवं असं खरं म्हणजे एकच : काँक्रीट. मिक्सरची गाडी दुपारच्या उन्हात प्लँटहून येईपर्यंत आतला माल आटतो, काम करण्यालायक राहत नाही. ओतताना काँक्रीटचं तापमान 40 अंशांच्या आत हवं असं उष्ण हवामानातल्या काँक्रीटसाठीच्या आपल्या आयएस कोडमध्ये, म्हणजे भारतीय मानकात, आहे, आणि सोलापुरात एप्रिलच्या दुपारी खडीच हाताला चटका देते. पाण्यात बर्फ घाला, खडीवर गोणपाट टाकून पाणी मारा, काहीही करा, रात्रच बरी. आणि एकदा ओतायला घेतलं की मध्येच थांबता येत नाही. जुनं आणि नवं काँक्रीट एकजीव होत नाही, कोल्ड जॉइंट पडतो, आणि मोरीत कोल्ड जॉइंट म्हणजे पुढं तिथूनच पाणी झिरपणार. दहा वाजले म्हणून बंद करा असं तिथं चालतच नाही.

फोडकाम मात्र रात्री का? फक्त लेनसाठी. मग लेन दिवसा कधी मिळेल? याचं उत्तर सोलापुरात राहणाऱ्या कुणालाही येईल. एप्रिलमध्ये दुपारी एक ते चार या शहरात कुत्रंसुद्धा सावली सोडून हलत नाही. शाळा सकाळच्या झालेल्या असतात. कांद्याचे लिलाव सकाळी उरकलेले, रात्रीचे ट्रक यायचे असतात. मी दोन दिवस वाहनं मोजून तक्ता केला. दुपारचा आकडा संध्याकाळच्या निम्म्यावरही नव्हता, आणि तोच तक्ता मी अर्जाला जोडला.

वाहतूकवाल्यांच्या टेबलावर या तक्त्याचं स्वागत झालं असं म्हणता येणार नाही. “दिवसा हायवेची लेन बंद? असं कधी केलं नाही.” मुकादम मागं उभा होता, तो पटकन बोलून गेला, “कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांसाठी आख्खा रोड बंद करतावच की साहेब.” मला वाटलं आता बाहेर काढतात. साहेब हसले. म्हणाले, “ती आई भवानी आहे, तुझी मोरी आहे.” पण तक्ता ठेवून घेतला.

शेवटी गेलेला अर्ज चार पानांचा होता. आवक-जावकच्या क्लार्कनी तो हातात तोलून पाहिला आणि विचारलं, “परवानगी नक्की कशाची मागताय मॅडम, दिवसाची का रात्रीची?” दोन्हीची. ब्रेकर दुपारी 1 ते 4, त्या वेळेपुरती अर्धी लेन. संध्याकाळी काहीच नाही. रात्री फक्त काँक्रीट, मोजक्या रात्री, त्याही नळाला पाणी असलेल्या. ओतायला सुरुवात रात्री नऊला, म्हणजे मोठा भाग लवकर आटोपेल. आणि मध्येच का थांबता येत नाही याचं अर्धं पान. मिक्सर आणि डंपर एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतील अशी वाट आखलेला नकाशा, म्हणजे मागं घ्यायचा प्रश्नच नको आणि आजोबांचं पीं पीं बंद. कंप्रेसर घरांच्या विरुद्ध बाजूला. जनरेटर आवाजबंद पेटीतला, ज्याला एक मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा आहे. आणि माझा मोबाईल नंबर, मोठ्या अक्षरांत, गल्लीच्या तोंडावर लावायच्या बोर्डावर. दुपारच्या उन्हात माणसं कमीत कमी लागावीत म्हणून ऑपरेटर आणि झेंडेवाला सोडून बाकी सगळे मंडपात. झेंडेवाल्याची पाळी दर अर्ध्या तासानं बदलायची. दुपारचं ऊन कुणाच्या तरी डोक्यावर पडणारच, ते मी रात्रीतून उचलून लेबरवर टाकलं हेही खरंच. म्हणून ही अट मी स्वतःहून अर्जात घातली, म्हणजे नंतर साहेबांना ती काढता येऊ नये.

रात्रपाळीच्या त्या मुलासाठी मला काहीच करता आलं नाही. फोडकाम चाललं तेवढे दिवस तो बहिणीकडं झोपायला गेला.

परवानगी आली, वर चार जादा अटी घेऊन. रात्री अमुक इतके बॅरिकेड, चमकणाऱ्या पट्ट्या, दिवे, वाहतूक वॉर्डन. सगळ्या अटी रास्त होत्या.

पहिल्या काँक्रीटच्या रात्री दीड वाजता माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. तोवर व्हायब्रेटरची सुई भिंतीत उतरवली होती, वर येणारे बुडबुडे थांबायची वाट बघत मी टॉर्च धरून उभी होते. मनात म्हटलं, आलीच पहिली तक्रार.

“मॅडम, तुम्हीच का ओ मोरीवाल्या?”

“हो, बोला. आवाजाचा त्रास होतोय का?”

“आवाजाचं राहू द्या. आमच्याकडं अजून पाणी आलं नाही. पाईप तर फोडला नाही ना तुम्ही?”

पाईप शाबूत होता. पाणी वरूनच उशिरा सुटलं होतं, अडीचला आलं. त्या रात्री बाकीचे फोनही याच विषयावर आले, कारण खोदकाम म्हटलं की या शहराला पहिली धास्ती पाईपलाईनची असते. दुसऱ्या दिवशी बोर्डावर माझ्या नंबराखाली मी एक ओळ वाढवली : ‘पाण्याची लाईन सुरक्षित आहे.’ त्यानंतर फोन जवळजवळ बंदच झाले.

आता पुढची मोरी शहराच्या हद्दीबाहेर आहे. तिथं पोलीस आयुक्तालय नाही, ग्रामीण पोलीस. म्हणजे अर्ज दुसऱ्या टेबलावर. घरं लांब लांब, शेतातल्या वस्त्या. नळाच्या पाळीचा तिथं उपयोग नाही, पण शेतीपंपाची लाईट पाळीनं येते, आणि रात्रीची पाळी असली की माणसं बॅटरी घेऊन वाफ्यात उभी असतात. कुठल्या आठवड्यात रात्रीची लाईट आहे ते तिथल्या वायरमनला विचारून घ्यायचंय. तारखांचा रकाना तोवर कोरा ठेवलाय.