स्टाटहाउसप्लाइन सुटला, मासाझबेट अडला

मंडळी, डच जोडशब्द फोडून त्यांचा आघात (कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा ते) काढणाऱ्या माझ्या प्रोग्राममध्ये स्टाटहाउसप्लाइनचा (नगरभवनाचा चौक) आघात एकदाचा जागेवर आला! मागच्या अपडेटमधला नियम आठवत असेल: डच सामासिक शब्दात मुख्य आघात पूर्वपदावर. फूटबालवेल्टला (फुटबॉलचं मैदान) तो चोख लागू पडतो. पण स्टाटहाउसमध्ये आघात 'हाउस'वर, नीउयारमध्ये (नवं वर्ष) 'यार'वर.

आता विग्रह आतून बाहेर होतो. स्टाट + हाउस हा अपवाद आतल्या पायरीवरच नोंदवला. बाहेरचा प्लाइन पूर्वपदाचा आघात जसाच्या तसा उचलतो. नीउयार्सडाख (नववर्षदिन) वेगळं काही न सांगता बरोबर आला. तो मी कितीतरी वेळा चालवून ऐकला!

अडलंय ते मासाझबेटपाशी. लिहिताना शब्द एकच, पण विग्रह दोन. मासाझ + बेट म्हणजे मसाजचा पलंग: आघात 'सा'वर, जी या अक्षराचा उच्चार झ. मासा + खबेट म्हणजे सामुदायिक प्रार्थना: आघात 'मा'वर, तोच जी घशातला ख. आणि लेखनात दोन्ही मास-सा-गे-बेड असेच तुटतात! ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा हे अक्षरांच्या क्रमावरून ठरवणाऱ्या लियांगच्या 1983 च्या पॅटर्नइतकं चांगलं हत्यार मला अजून सापडलेलं नाही, पण आघात त्यांना दिसतच नाही. क्वार्टस्लागनचं नेमकं उलट. क्वार्ट + स्लागन (पाव वळणं) की क्वार्ट्स + लागन (क्वार्ट्झचे थर), यावर तोड बदलते, आघात मात्र दोन्हीकडे पहिल्याच अक्षरावर. तेव्हा तोडीवरून आघात काढायचा नाद सोडा. तोड आणि आघात, दोन्ही विग्रहावरूनच काढायला हवेत.

'सर्वांत लांब पूर्वपद आधी' हा नियम मासाझबेटला पावतो आणि क्वार्टस्लागनला थेट खडकांत नेतो. पुढची पायरी पदांची वारंवारता मोजायची ठरवली होती. पण हे लिहिताना सुचलं, एकच विग्रह निवडायचा कशाला? दोन्ही ठेवते आणि शेजारचे शब्द बघून क्रम लावते. जवळ 'ड्रायन' (फिरवणे) असेल तर स्लागन वर. वारंवारतेचं काम सध्या बाजूला.

जाता जाता: आव्होंट + एटन (रात्रीचं जेवण) यातल्या डी या अक्षराचा ट आता आपोआप होतो, कारण तो पदाच्या शेवटी येतो. आणि जुन्या शब्दयाद्या जपून वापरा. 1995 च्या लेखनसुधारणेत पानकूकच्या (पॅनकेक) दोन पदांमध्ये एक एन वाढला. जोड जुळवणारा कोड तिथे हमखास अडखळतो.

शेजारच्या शब्दांची चाचणी 'फोरकोमन'वर घेणार आहे: 'फोर'वर आघात असेल तर घडणे, 'को'वर असेल तर टाळणे. दोन्ही अर्थांची डच वाक्यं कुणाकडे असतील तर पाठवा.