पऱ्हाटीचा हिशेब

वर्ध्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आता राळेगाव तालुक्यातल्या बचतगटांना हिशेब लिहायला शिकवते. पगार नाही, चहा मात्र घरोघरी घ्यावा लागतो.

त्या दिवशी अंगणवाडीत पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या पिकाचा, हिशेब मांडायचा होता. उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, नुकतीच झालेली, म्हणून बायकांना जरा सवड. बियाणं, खत, फवारणी, डवऱ्याचं भाडं. एका ताईंनी सगळं भराभर सांगितलं, दुकानदाराच्या पावत्यासुद्धा वहीत डकवलेल्या. निंदणाचं विचारलं तर म्हणाल्या, "निंदाले कोण लावतो मॅडम? मीच निंदतो." टोबणी, बी टोचायचं काम? "मीच." पहिला वेचा? "मी आन् माही सासू." अशा प्रत्येक कामासमोर त्यांनी शून्य टाकलं होतं. तेही ठसठशीत, दोनदा गिरवून.

मग मी २०२४-२५ चा हमीभाव फोडून दाखवला. मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७१२१ रुपये. कृषी मूल्य आयोगानं धरलेला खर्च ४७४७, त्याच्या दीडपट. या ४७४७ मध्ये बी-खताबरोबर घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरीही असते. (स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज नसतं. शेतकरी संघटनांचं भांडण त्यावरच आहे, पण तो विषय मी उघडलाच नाही.) म्हणजे दिल्लीनं यांची मजुरी धरली होती, शून्य होतं ते घरच्या वहीत.

"मंग ते पैसे गेले कुठी?"

इतका सरळ प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी सातबाऱ्यावरून होते आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात पडतात. सातबारा नवऱ्याचा. खात्यात आला तोही फक्त केंद्रावर नेला तेवढ्या कापसाचा पैसा. यांचा बराचसा माल खेडा खरेदीत, गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्यांना, हमीभावाच्या खालीच गेला होता.

मी लक्ष्मीमुक्ती योजनेचं सांगितलं. ती १९९२ पासूनची आहे. नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर चढतं. बाहेर कडुनिंबाखाली बसलेले त्यांचे मालक हे ऐकून आत आले. मला वाटलं, आता चिडणार. पण म्हणाले, "नाव चढवू न. पण सोसायटीचं कर्ज हाय सातबाऱ्यावर, तेही हिच्या अंगावर येईन काय?" शंका रास्त होती. तलाठ्याला विचारून सांगते, म्हटलं.

ताईंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. वही पुढ्यात ओढून त्या शून्यं खोडत होत्या आणि निंदणाची रोजी किती लावायची यावरून सासूशी वाद चालला होता. सासूबाई ऐकेनात. मागच्या सालचा भाव नको, औंदाचाच लाव, म्हणत होत्या.