चिनू अठराचा होतोय

रविवार, रात्री

चिनूची आज अर्धीच दाढी झाली. उजवा गाल साफ, डावीकडे खुंट तसेच. ट्रिमरची घरघर त्याला सहन होत नाही. म्हणून बाबा आधी तो बंदच त्याच्या हातात देतो, मग मनगटावर चालू करून दाखवतो, आणि मग गालाकडे वळतो. मोठ्याने विसापर्यंत मोजायचं आणि वीस झाले की थांबायचं, असा दोघांचा करार आहे. आज बाबा एकोणीसवर जरा रेंगाळला. चिनूने ते बरोबर पकडलं आणि कानांवर हात ठेवून सरळ गॅलरीत. उरलेला गाल उद्या. शाळेत असा गेला तरी कुणाचं काही अडत नाही.

पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण. सोसायटीत अजून त्याला ‘चिनूबाळ’च म्हणतात, लिफ्टमध्ये भेटला की लिमलेटची गोळी देतात. बाळ आता बापापेक्षा चार बोटं उंच झालंय. आणि हेच बाळ रिक्षा स्टँडवर हात हलवत, स्वतःशी गुणगुणत उभं राहिलं की बाजूच्या बायका पर्स पोटाशी धरतात. राग येतो, पण त्यांना तरी काय माहीत. सात वर्षांचा असताना तो कुणाच्याही गळ्यात पडायचा आणि सगळे कौतुक करायचे. तेच कौतुक आता पुसून काढायचंय. अनोळखी माणसाला लांबून नमस्कार, मिठी फक्त घरात. अंगाशी चाळा करावासा वाटला तर आपली खोली, दार बंद. ही शेवटची गोष्ट शिकवायला चित्रांचा तक्ता केला, तेव्हा सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण ऑटिझम आहे म्हणून वयात येणं थांबत नाही. पालकांच्या बैठकांत फिजिओ, स्पीच थेरपी, खाणंपिणं यावर तासन्‌तास बोलतात. हा विषय निघाला की सगळ्यांना घरची आठवण होते.

तर अठरा. वाढदिवसापेक्षा मला कागदच जास्त दिसताहेत. अठरा पूर्ण झाली की तो कायद्याने सज्ञान, आणि मग आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. मुलाला बोलता येतं की नाही, पैसे कळतात की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. तिच्यावर जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. बँकेत ते चालतं. आमच्या बँकेतल्या साहेबांना मात्र ते ठाऊक नव्हतं, ते कोर्टाचा हुकूम मागत बसले. वर चिनूची सही जुळत नाही म्हणाले. कशी जुळणार? ‘चिन्मय’ लिहिताना तो प्रत्येक अक्षराला एक चौकोन शोधतो. फॉर्मवर चौकोन दिसले की खूश होऊन सगळ्यांत एकेक अक्षर भरतो, मोबाइल नंबरच्या जागेतसुद्धा.

अर्ज भरायला घेतला आणि हात थांबला. याला स्वतःचं काही ठरवता येत नाही, असं मी सही करून सांगायचं? हा मुलगा पोह्यातला एकेक मटार वेचून ताटाच्या कडेला लावतो. निळा शर्ट वाळत असेल तर दोरीखाली उभा राहतो, दुसरा घालत नाही. आजीच्या खोलीत जायचं की नाही, हेही तोच ठरवतो. शाळेत हळदीची पाकिटं भरताना काट्यावर १०० दिसल्याशिवाय पिशवी पुढे सरकवत नाही. ९९ चालतं असं बाई म्हणाल्या, तर त्यांचाच हात बाजूला केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि त्याच्या बरोबरीने बसून ठरवायचं. (गंमत म्हणजे दोन्ही कायद्यांत पालकत्वाचं कलम १४ च आहे.) न्यास कायद्यातही समितीने आधी पाहायचं असतं की पालक लागतो का, आणि लागत असेल तर कशासाठी. मी ‘कशासाठी’ला धरून बसणार आहे. पैसे, मालमत्ता आणि ऑपरेशनची संमती. बाकीचं त्याचं त्याच्याकडे.

बाबाचं मत वेगळं. तो म्हणतो, सगळंच लिहून टाक, उद्या काही अडलं तर परत कोण धावणार? त्याचंही खोटं नाही. बेंचमार्क दिव्यांगत्व, म्हणजे चाळीस टक्के किंवा जास्त, असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ असा आहे. त्यानंतर कार्यशाळा, तीही जागा असेल तर. नसेल तर घर, टीव्ही आणि आई. प्रत्येक ठिकाणी नवा कागद लागणारच.

सर्वात अवघड रकाना अर्जात नाहीच, तो घरात आहे. आमच्यानंतर कोण? सईचा पुण्याहून फोन आला होता. “आई, माझं नाव घाल, विषय संपव.” ती वीस वर्षांची आहे. या वयात माणूस कशालाही हो म्हणतं. मी नाही म्हटलं. तिनं नोकरी करावी, लग्न करायचं तर करावं, हवं तर परदेशी जावं, आणि तिशीत मला पुन्हा विचारावं. तेव्हा हो म्हणाली तर घालू. नाही म्हणाली तरी ती त्याची बहीण राहणारच. त्यावर ती चिडली, “म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही” म्हणाली आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी चिनूला व्हिडिओ कॉल केला, माझ्याशी नाही बोलली.

तूर्त अर्जावर आमची दोघांचीच नावं. निरामय, म्हणजे न्यासाचा आरोग्य विमा, त्याचं नूतनीकरण त्याच फेरीत उरकायचं, एक लाखापर्यंतचा असतो, थेरपीचा थोडा तरी खर्च निघतो. फोटो अजून काढायचाय. पण आधी डावा गाल.