चार कप्पे काखेखाली सापडले

इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) आलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘उजवा व्हेंट्रिकल मोठा, एएसडी शोधणे.’ व्हेंट्रिकल म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, एट्रियम म्हणजे वरचा; एएसडी म्हणजे दोन एट्रियममधल्या पडद्यातलं भोक. रुग्ण तिशीतला, धडधाकट. तक्रार एवढीच की डाव्या कुशीवर झोपलं की छातीत टोचतं.

छातीच्या हाडाच्या कडेवरून घेतलेल्या पहिल्या चित्रात (पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिस) चिठ्ठी खरीच वाटली. उजवा व्हेंट्रिकल ऐसपैस, सेप्टम, म्हणजे दोन व्हेंट्रिकलमधला पडदा, सिस्टोलमध्ये (हृदय आकुंचन पावताना) उलट दिशेला सरकणारं. पण भोक काही सापडेना. सबकॉस्टलमधून, म्हणजे बरगड्यांखालून, रक्तप्रवाह रंगात दाखवणारा कलर डॉप्लर लावला, सायनस व्हेनोसस या सहज निसटणाऱ्या भोकाची जागाही तपासली. फुफ्फुसाकडचा आणि शरीराकडचा रक्तप्रवाह मोजला, दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणजे भोकातून रक्त वळत नव्हतं. ट्रायकस्पिडच्या (हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेच्या) गळतीचा वेग सेकंदाला 2.2 मीटर, म्हणजे फुफ्फुसाचा रक्तदाब वाढल्याचीही खूण नाही. मग हा कप्पा मोठा झाला कशाने?

उत्तर एपिकल व्ह्यू, म्हणजे हृदयाच्या टोकाकडून दिसणारं चित्र, शोधताना मिळालं. नेहमीच्या जागी नुसतं फुफ्फुस. प्रोब (छातीवर फिरवायचं यंत्र) बाहेर, आणखी बाहेर नेला, तेव्हा मिड-ॲक्सिलरी रेषेवर, काखेखाली, चार कप्पे दिसले. खाच असलेली गादी होती म्हणून मनगट वळलं. साध्या गादीवर प्रोब तिथे पोचतच नाही आणि तपासणारा ‘खिडकी खराब’, म्हणजे इथून हृदय नीट दिसत नाही, असं लिहून मोकळा होतो. चित्राचा आकार पाण्याच्या थेंबासारखा: व्हेंट्रिकल फुगीर, एट्रियम ओढून लांबवल्यासारखे. दर ठोक्याला अख्खं हृदय झोका घेत होतं.

मग त्याला उजव्या कुशीवर वळवलं. हृदय छातीच्या मध्याकडे सरकलं, झोका बराच कमी झाला. जन्मतः डावं पेरिकार्डियम, म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण, नसण्याचा संशय तिथे पक्का झाला. पेरिकार्डियम हृदयाला छातीच्या हाडाशी आणि डायफ्रामशी बांधून ठेवतं. डावी बाजूच नसेल तर हृदय डावीकडे आणि मागे कलंडतं, आणि समोरून येणारा अल्ट्रासाउंडचा बीम उजव्या व्हेंट्रिकलला तिरका कापतो. तो मोठा दिसतो, असतोच असं नाही. काखेतून नीट चित्र घेऊन तळाशी मोजला तर 38 मिलिमीटर भरला. मर्यादा 41 ची.

छातीचं हाड खोल गेलेलं असलं तरी हृदय असंच ढकललं जातं, म्हणून छाती डोळ्यांनी पाहावीच. इथे ती सपाट होती. एक्स-रेमध्ये हृदय डावीकडे, श्वासनलिका मात्र मधोमध, आणि महाधमनी व फुफ्फुसधमनीच्या मध्ये फुफ्फुसाची जीभ शिरलेली.

इकोवर पेरिकार्डियम ‘नाही’ हे सिद्ध करता येत नाही. निरोगी असतानाही ते जेमतेम 2 मिलिमीटर, आणि मागची चकचकीत रेषा फसवी असते. म्हणून रिपोर्टात ‘संशय’ लिहून ईसीजी-गेटेड (हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून घेतलेला) एमआरआय सुचवला. सोबत नेमका प्रश्न: अभाव पूर्ण की अर्धवट? हा प्रश्न लिहायचा राहून जातो, आणि खरा धोका तर त्यातच आहे. पूर्ण अभावात हृदय मोकळं असतं, बहुतेकांना आयुष्यभर त्रास होत नाही. अर्धवट अभावात छिद्रातून डाव्या एट्रियमचं अपेंडेज (त्याला जोडलेली छोटी पिशवी) बाहेर येऊन कडेवर आवळलं जाऊ शकतं, कधी कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणारी धमनी) दाबली जाते. तिथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

एमआरआयमध्ये डाव्या बाजूचा पूर्ण अभाव निघाला, अपेंडेज मोकळं. शस्त्रक्रिया लागली नाही. अंतिम रिपोर्टात एएसडीचा उल्लेख काढला आणि पुढच्या तपासणाऱ्यासाठी ठळक लिहिलं: एपिकल खिडकी मिड-ॲक्सिलरी रेषेवर, सुरुवात तिथूनच करावी.