रोमा लोकांचा डेटा मिळाला, सहीने मात्र जीव काढला

युरोपात राहून रोमा लोकांचा (ज्यांना 'जिप्सी' म्हटलं जायचं) जनुकीय डेटा मागवणार असाल, तर आधी एक शोधून ठेवा: विद्यापीठातर्फे डेटा-वापराच्या करारावर सही करायचा अधिकार नक्की कोणाला आहे? गाइडला नसतो. विभागप्रमुखालाही नसतो.

माझं काम तसं सरळ होतं. 13 रोमा गटांच्या जनुकांवरून 2012 मध्ये मांडलं गेलं की हे लोक साधारण 1500 वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले आणि 900 वर्षांपूर्वी बाल्कनमधून युरोपभर पसरले. वाटेत झालेली सरमिसळ मला तपासायची होती. अर्ज भरला, डेटा द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या समितीने होकारही दिला.

मग करार आमच्या कायदा विभागात गेला आणि तिथेच बसला. हा डेटा वैयक्तिक आहे का? नावं काढलेली आहेत, पण जनुकांवरून माणूस ओळखता येतो, म्हणजे आहे. मग डेटा संरक्षण अधिकाऱ्याचं मत आणा. ते म्हणाले, आधी कायदा विभागाचं आणा! ही टोलवाटोलवी कशीबशी संपली, तर कायदा विभागातल्या बाईंनी हिरव्या पेनाने एका शब्दाभोवती गोल केला. 'काम संपल्यावर सर्व प्रती नष्ट करू' यातला 'सर्व'. संगणक केंद्राच्या बॅकअप टेपवरची प्रत कोण पुसणार? केंद्र म्हणे, एकच फाइल पुसता येत नाही. शेवटी बॅकअपच न होणारं फोल्डर मागून घेतलं आणि तसं लेखी दिलं. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा.

समितीच्या नैतिकतेच्या प्रश्नांवर सगळे वैतागतात. मला ते रास्त वाटले. 1936 पासून नाझी राजवटीत, बर्लिनमध्ये रॉबर्ट रिटरच्या वंश-संशोधन संस्थेने रोमा आणि सिंती (जर्मनीतला रोमांचाच एक गट) यांचं रक्त, मोजमापं, वंशावळी गोळा केल्या, आणि त्याच नोंदींवरून लोक छळछावण्यांत गेले. तेव्हा 'समाजाला उपयोग काय' या रकान्यात गुळमुळीत लिहू नका. मी स्नायू दुबळे करणाऱ्या एका जन्मजात आजाराचं लिहिलं. त्यामागचा 1267delG हा जनुकदोष रोमा लोकांत आणि भारत-पाकिस्तानातल्या रुग्णांतही सापडतो.

आणि हो, 'बंजारा म्हणजेच रोमा' असलं काही अर्जात नको. घरचे फोनवर हेच विचारतात, पण जनुकांवरून एका जातीवर शिक्का मारता येत नाही.

सही झाल्यावर फाइल लगेच आली. परवानगी मुदतीची असते. माझी संपली की नूतनीकरणाला पुन्हा त्याच विभागाची सही.