३२ हजारांचा खड्डा

पोवई नाक्यावर चहा घेताना असो की लग्नाच्या पंगतीत, प्रश्न एकच: "पुण्याची नोकरी सोडून साताऱ्यात आलात, परवडतं का?" तुम्ही विचारलंत म्हणून आकड्यांतच सांगतो.

पुण्यात हातात ७८ हजार पडायचे, इथे एमआयडीसीत ४६. खड्डा ३२ हजारांचा. वाकडला टू बीएचके मेंटेनन्ससकट २४ हजार. गोडोलीत तेवढाच फ्लॅट ९ हजारांत. १५ तिथेच वाचले. शाळा आणि पाळणाघराचे आणखी ९, कारण आता पोरीला आजी सांभाळते. (आजीला पगार कोण देतं, असं बायकोने विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.)

उरलेले ८ हजार काही केल्या निघत नाहीत. गॅस, मोबाइल, विमा, गाडीचा हप्ता यांना गाव कळत नाही. व्यवसाय करसुद्धा तोच, वर्षाला २,५००. आणि आहेर! पुण्यात वर्षाला चार लग्नं व्हायची, इथे एका मे महिन्यात अकरा. भावकीत हलकं पाकीट चालत नाही.

"साताऱ्यात खर्च कमी" हे मुलाखतीत मलाही ऐकवलं होतं. सरकार निदान तसं लिहून तरी देतं. केंद्राच्या नोकरांना सातव्या वेतन आयोगात घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे: पुणे एक्स, सांगली वाय, सातारा झेड. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून हा घरभाडे भत्ता बेसिकच्या ३०, २० आणि १० टक्के. माझा एक मित्र ४४,९०० बेसिकवर पुण्याहून इकडे बदलून आला. भत्ता १३,४७० वरून थेट ४,४९०. आधी चिडला, मग इथलं भाडं ऐकून गप्प झाला.

पण एक आकडा कुणीच विचारत नाही, आणि मीही आधी धरला नव्हता. बायको पुण्यात ३८ हजारांवर होती, पेरोलच्या कामात. इथे वर्षभर शोधून एका सीएंकडे टॅलीचं काम मिळालं, १४ हजारांवर. म्हणजे खड्डा ३२ चा नव्हताच, ५६ चा होता. माझ्याच वहीत, माझ्या बेरजेखाली तिने ते एका ओळीत लिहून ठेवलं.

सोमवारी तिची पुण्यात मुलाखत आहे. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, बाकी घरून. जायला ११० किलोमीटर. स्वारगेटची पहाटेची एसटी किती वाजता सुटते हे तिने मला विचारलं नाही, स्टँडवर जाऊन स्वतःच बघून आली.