लक्सर: चार मीटर सावलीचं गणित

इजिप्तमधल्या लक्सरला, कर्नाकच्या देवळातला हातशेप्सुत राणीचा ओबेलिस्क (टोकदार दगडी स्तंभ) जवळजवळ तीस मीटर उंच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुपारी एक वाजता त्याची सावली मोजून चार मीटर. तेवढ्या पट्ट्यात आमचा निम्मा ग्रुप एकामागे एक रांगेत उभा, बाकीचे छत्रीखाली, आणि पारा चाळिशीच्या वर. २ ऑगस्ट २०२७ ला इथे खग्रास सूर्यग्रहण नेमकं याच वेळी, एकच्या सुमारास आहे. म्हणून ही पाहणी. कैरो, गाडीचा प्रवास, हॉटेल, सगळं इतरांनी भरपूर लिहिलंय.

त्या दिवशी सूर्य क्षितिजापासून ८२ अंशांवर, म्हणजे अक्षरशः टाळूवर असेल. नेटवर फिरणारी पिरॅमिडच्या टोकावरच्या काळ्या सूर्याची चित्रं बघून तिकीट काढू नका. गिझा खग्रास पट्ट्यातच नाही, तिथे खंडग्रासच दिसणार. लक्सरलाही देऊळ आणि प्रभाकिरीट (झाकलेल्या सूर्याभोवती दिसणारी प्रभा) एका चौकटीत हवं असेल तर अतिरुंद लेन्स लावून खांबाच्या पायथ्याशी आडवं पडावं लागेल, आणि फोटोत सूर्य येईल हरभऱ्याएवढा.

लांब लेन्सवाल्यांची वेगळीच पंचाईत. साध्या बॉलहेडवर (ट्रायपॉडच्या डोक्यावरचा गोल सांधा) कॅमेरा इतका वर वळत नाही, वळला तर लेन्सचं बूड ट्रायपॉडच्या पायाला अडतं. घरच्या गच्चीवर भर दुपारी एकदा जोडून बघा. उघडणारा स्क्रीन नसेल तर काटकोनी व्ह्यूफाइंडर लागेल. खग्रास सव्वासहा मिनिटांहून जास्त. तेवढ्यात सूर्य स्वतःच्या तीन व्यासांइतका सरकतो, म्हणजे मध्ये दोनदा तरी चौकट जुळवावी लागणार. एफ ८, आयएसओ १०० ला सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांसाठी १/१००० सेकंद, बाहेरच्या प्रभेसाठी एक सेकंदापर्यंत. लेन्सवरचा सूर्याचा फिल्टर खग्रास सुरू होताच काढायचा आणि दुसरी हिऱ्याची अंगठी (खग्रास संपताना कडेला चमकणारा सूर्याचा ठिपका) चमकली की लगेच चढवायचा. ग्रहण बघायच्या चष्म्यांनाही तोच नियम. चष्मा आयएसओ १२३१२-२ या मानकाचा हवा, आणि चरा पडलेला असेल तर सरळ फेकून द्या. फोन उन्हात ठेवला की तापून बंद पडतो, त्याच्यावर ओला पंचा टाकावा. ड्रोन नेऊच नका, विमानतळावरच जप्त होतो.

जागेबद्दल माझं मत अनेकांना पटणार नाही. नाईलच्या पश्चिम तीरावरचं हातशेप्सुतचं देऊळ ग्रहणासाठी वाईट. पाठीमागे उभा कडा, तोही पश्चिमेला, आणि चंद्राची सावली येणार पश्चिम-वायव्येकडून. ती येताना दिसणारच नाही, वर कडा भट्टीसारखा तापलेला. कर्नाकच्या १३४ खांबांच्या दालनात सावली मिळेल, पण क्षितिज नाही. त्यापेक्षा पूर्व तीरावर नाईलकाठी, उघड्या गच्चीवर बसावं. समोर नदी, पलीकडे थीब्जचे (जुन्या लक्सरचे) डोंगर, आणि भोवताली क्षितिजावर फिरणारा संध्याकाळचा रंग पूर्ण दिसेल. छायापट्टे (खग्रासाच्या जरा आधी-नंतर जमिनीवर सळसळणाऱ्या सावलीच्या रेघा) बघायला पांढरी चादर अंथरा.

ढगांची धास्ती इथे जवळपास नाही. २२ जुलै २००९ ला सुरतेला जाऊन ढग बघून आलेल्यांना एवढंच सांगतो, हे त्याच मालिकेतलं पुढचं ग्रहण आहे, अठरा वर्षं अकरा दिवसांनी येणारं.

वेळ काढून देन्देराच्या प्राचीन देवळात मात्र जा. तेही पट्ट्यातच आहे. तिथल्या छतावर नूत देवी सूर्य गिळते आणि पुन्हा जन्म देते. पॅरिसला नेलेल्या गोल राशिचक्राच्या जागी आता नक्कल बसवली आहे.

स्पर्शापासून मोक्षापर्यंत जवळजवळ तीन तास उन्हात काढायचे आहेत. माणशी चार लिटर पाणी, ओआरएस, आणि मान टेकवायला चटईबरोबर एक जाड टॉवेल. उभं राहून मान वर करून बघणाऱ्यांची मान पंधरा मिनिटांत धरते.